निघणारा दांडा, न निघणारा दांडा

संपादकांना ट्यूलिप हवे होते. भाचा नेदरलँड्समध्ये झ्वोले गावी नोकरीला, मी त्याच्याकडे मुक्कामाला. जाताजाता फुलांच्या शेतांवर एक रंगीत लेख होऊन जाईल, असा त्यांचा सरळ हिशेब. पण हंगाम सरत आला होता. शेतांत यंत्रानं फुलं छाटून टाकली होती आणि उरले होते नुसते हिरवे दांडे. कांदा पोसावा म्हणून इथले शेतकरी फुलं अशी बेलाशक उडवतात, त्यांचा खरा माल जमिनीखाली असतो. भाचा म्हणाला, "मामा, फुलं काय, फोटोतही दिसतील. शनिवारी शेडवर चला." संपादकांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं आणि गाडीत बसलो.

शेड नोर्डओस्टपोल्डरमध्ये आहे. हा जवळजवळ सगळा मुलूख ९ सप्टेंबर १९४२ पर्यंत पाण्याखाली होता. त्याआधी दहा वर्षं, म्हणजे १९३२ मध्ये, आफ्स्लाउटडाइक नावाचा बांध घालून डच लोकांनी झाउडरझे हा आख्खा उपसागर उत्तर समुद्रापासून तोडला. कल्पना कोर्नेलिस लेली या अभियंत्याची. मग एकेक तुकडा उपसून कोरडा करायला घेतला. विरिंगरमेर १९३० मध्येच झाला होता, त्यानंतर हा, आणि पुढे १९५७ आणि १९६८ मध्ये फ्लेव्होलँडचे दोन भाग. उर्क हे बेट १९३९ मध्ये बांधानं जमिनीला जोडलं गेलं. स्खोक्लँड हे दुसरं बेट आता शेतांच्या मधोमध उंचवटा होऊन बसलं आहे. तिथली वस्ती समुद्राच्या भीतीनं १८५९ मध्येच राजाज्ञेनं हलवली होती, आणि आज बघावं तर त्याच्या चहूबाजूंनी बटाटे. नवी जमीन सरकारनं आधी स्वतः कसली, चर खणले, निचरा केला आणि नंतर पारखून निवडलेल्या कुळांना दिली. एमेलोर्ड हे मध्यावरचं गाव आणि त्याच्याभोवती दहा खेडी, सगळं नकाशावर आधी, जमिनीवर नंतर. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ. या सरळ रस्त्यांचा ट्रॅक्टरशी काय संबंध, ते पुढे येईल.

शेडचे मालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर शेती केली, आता शेत मुलाकडे आणि शेड यांच्याकडे. भाचा त्यांना नावानं हाक मारतो, तिकडे तीच रीत. मला ते जमेना, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना मिस्त्री म्हणू लागलो. पायात पिवळे लाकडी बूट. ही हौस पर्यटकांसाठी असणार असं मला वाटलं होतं, तर नाही. जड पाना पायावर पडला तरी बोटं शाबूत राहतात, आणि युरोपीय नियमांत या बुटांना सुरक्षेचे बूट म्हणून मान्यता आहे.

शेडमध्ये सात-आठ ट्रॅक्टर होते, पैकी चालू निम्मे. जुन्या ट्रॅक्टरांचं वेड या देशात गावोगावी आहे. लिम्बुर्ख प्रांतात पानिंगनला दर उन्हाळ्यात जुन्या इंजिनांचा मोठा मेळा भरतो. मानोन ओस्सेव्होर्ट नावाची एक डच बाई २००५ मध्ये घरून ट्रॅक्टर घेऊन निघाली ती आफ्रिकेच्या टोकापर्यंत गेली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये मॅसी फर्ग्युसन चालवत दक्षिण ध्रुवावर पोचली. तिच्या आधी एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत पट्टे चढवलेले फर्ग्युसन घेऊन तिथं पोचला होता. पण पराक्रमांच्या या गोष्टी मिस्त्रींना फारशा रुचत नसाव्यात. भाचा सांगत होता तेव्हा ते एका कोपऱ्यात ब्लो लॅम्प पेटवत होते.

कोपऱ्यात उभा होता लान्झ बुलडॉग. जर्मनीतल्या मानहाइमचा माल. फ्रिट्झ हुबर या अभियंत्यानं १९२१ मध्ये पहिला बुलडॉग काढला, तो १२ अश्वशक्तीचा. हा मात्र त्याचा थोरला वंशज, ४५ अश्वशक्तीचा. एकच सिलिंडर, तोही आडवा. व्यास २२५ मिलिमीटर, स्ट्रोक २६० मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरमध्ये दहा लिटरांहून जास्त जागा. आपल्याकडच्या चार छोट्या मोटारींची इंजिनं एकत्र केली तरी एवढी होणार नाहीत. ना स्पार्क प्लग, ना धड इंजेक्शनचा दाब. पुढच्या बाजूला लोखंडाचा एक फुगीर गोळा असतो. तो बाहेरून तापवून लाल करायचा, आत उडालेलं तेल त्या उष्णतेवर पेटतं. एकदा चालू झालं की इंजिन स्वतःच गोळा तापता ठेवतं. जे जळेल ते या यंत्राला चालतं, कच्चं तेल, वापरलेलं तेल, सरकीचं तेलसुद्धा. युद्धाच्या काळात आणि नंतरच्या टंचाईत या गुणाची किंमत फार होती. फ्रान्स, पोलंड, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे याच्या नकला निघाल्या. पुढे १९५६ मध्ये कारखाना जॉन डिअरच्या ताब्यात गेला आणि १९६० पर्यंत बुलडॉग बंद झाले.

ब्लो लॅम्प गोळ्याखाली पाव तास फरफरत होता. मग मिस्त्री उठले, ट्रॅक्टरवर चढले आणि स्टिअरिंगचं चाक दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढलं. चाक दांड्यासकट हातात आलं. मी भाच्याकडे बघितलं. तो हसत होता. हे बघायला मिळावं म्हणूनच त्यानं मला आणलं होतं.

बुलडॉगला सुरू करायचं हँडल वेगळं नाही. स्टिअरिंगचा दांडा हेच हँडल. मिस्त्रींनी तो खाली आणून बाजूच्या फ्लायव्हीलच्या मध्यात खुपसला, पाय रोवले आणि चाक फिरवायला सुरुवात केली. पूर्ण वेढे नाहीत. पिस्टन दाबावर जाऊन आदळतो आणि मागे फेकला जातो, तोच धक्का पकडून उलट बाजूला फिरवायचं, पुन्हा उलट. पाळणा हलवावा तसं. तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्याला आतून एक ढप्प असा आवाज आला आणि मिस्त्रींनी दांडा झटकन बाहेर खेचला. दांड्याच्या टोकाचे दात तिरपे कापलेले असतात, इंजिन धावायला लागलं की ते आपोआप सुटतात. न सुटले तर काय होतं, ते मिस्त्रींनी शब्दांत सांगितलं नाही, छपराकडे बोट दाखवलं. पत्र्यात एक जुना पोचा होता.

नंतर ते पुन्हा चढले, दांडा जागी बसवला आणि गाडी हलवली. मधल्या वेळात ट्रॅक्टर उभा होता, इंजिन धडधडत होतं आणि त्याला स्टिअरिंगच नव्हतं. गंमत अशी, की दोन स्ट्रोकचं हे इंजिन कधीकधी उलटं फिरू लागतं, आणि चालवणाऱ्याला ते गाडी मागं निघाल्यावर कळतं. पहिल्या बुलडॉगला तर मागचा गिअरच नव्हता. मागे जायचं असेल तर वेग मरेपर्यंत कमी करायचा आणि अचूक क्षणी तेल देऊन इंजिनच उलटवायचं.

मी दांडा हातात घेऊन पाहिला. धुतल्या तांदळाइतका स्वच्छ म्हणणार नाही, पण ग्रीसनं मऊ, गंजाचा ठिपका नाही. ऐंशी वर्षं तो रोज निघतोय, रोज बसतोय.

त्याच्या शेजारी भाच्याचा ट्रॅक्टर होता. राखाडी, बुटका, खांद्याएवढा. फर्ग्युसन टीई-२०, बनावट १९५१ ची, एका बंद पडलेल्या गोठ्यातून आणलेला. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात हे पाच लाखांवर बनले. वजन अकराशे किलोंच्या आसपास, म्हणजे बुलडॉगच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. ओल्या, नव्यानं समुद्रातून काढलेल्या जमिनीत हलकं यंत्र रुतत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण फर्ग्युसनचं खरं देणं मागच्या बाजूला आहे. त्याच्या आधी नांगर साखळीनं मागे ओढला जाई आणि फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उठून तो चालकाच्या अंगावर उलटे. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं नांगर तीन बिंदूंवर जोडला. दोन दांडे खाली, एक वर. ओढ वाढली की वरचा दांडा ट्रॅक्टरचं नाक खाली दाबतो, आणि हायड्रॉलिक यंत्रणा नांगर थोडा उचलून ओझं हलकं करते. आज वाळव्यात, कोपरगावात, कुठंही ट्रॅक्टरमागं रोटाव्हेटर लावतात तो याच तीन बिंदूंवर, कंपनी कोणतीही असो.

भाच्याचं मूळ गाव वाळवा तालुक्यात. त्याच्या आजोबांकडे, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासऱ्यांकडे, महिंद्राचा बी-२७५ होता. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानं १९६३ मध्ये महिंद्रांनी ट्रॅक्टरची कंपनी काढली, त्या पहिल्या पिढीतलं हे मॉडेल. तो ट्रॅक्टर भंगारात गेला तेव्हा भाचा शाळेत होता. त्यावर तो काही बोलत नाही. पण परक्या देशात येऊन सत्तर वर्षांचं लोखंड विकत घेणाऱ्या माणसाला आणखी काय विचारायचं?

फर्ग्युसनची दोन दुखणी होती. रेडिएटर तुंबलेला आणि स्टिअरिंगमध्ये खेळ इतका, की चाक चांगलं वीतभर फिरवल्यावर पुढची चाकं दखल घेत. दोन्ही काढायचं ठरलं होतं. आधी रेडिएटर, कारण तो सोपा.

फर्ग्युसनचं बॉनेट जाळीसकट पुढच्या बाजूला कलंडतं. मागचे खटके सोडायचे की अख्खं नाक जमिनीकडे झुकतं आणि इंजिन उघडं पडतं. ही सोय आजच्या कित्येक गाड्यांत नाही. रेडिएटरला हात घालायचा तर बॉनेट बिजागरीपासूनच काढून बाजूला ठेवलेलं बरं. तळाची तोटी उघडली तर पाणी आलं नाही. मिस्त्रींनी तार घालून टोचलं तेव्हा आधी तपकिरी चिखल आणि मग चहासारखं पाणी आलं. वरचा आणि खालचा होजपाइप सोडवायला क्लिपा कापाव्या लागल्या. रबर इतकं कडक झालं होतं की ते भाच्यानं चाकूनं उभं चिरलं. मग पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं, तळाचे बोल्ट. बोल्ट आधी घट्ट करायच्या दिशेनं केसभर फिरवायचा, गंज तुटला की मग उलटा. बळजबरी केली की डोकं तुटतं. हे आपल्याकडचा मेकॅनिकही सांगेल. रेडिएटर दोघांनी मिळून सरळ वर उचलला, पंख्याच्या पात्यांना जाळी घासू नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरून.

फर्ग्युसनमध्ये हे जमतं, कारण स्टिअरिंगची पेटी इंजिनाच्या मागे आहे. काही अमेरिकन ट्रॅक्टरांत स्टिअरिंगचा दांडा इंजिनावरून लांबलचक पुढच्या टोकापर्यंत जातो, तिथे रेडिएटरच्या आधी दांड्याची विनवणी करावी लागते.

रेडिएटर टेबलावर आडवा टाकला. पितळेच्या दोन टाक्या, मध्ये तांब्याच्या बारीक नळ्या आणि त्यांवर पातळ पत्र्याच्या पट्ट्या. पट्ट्यांत गवताचं बी, कोंडा, एक मेलेली गांधीलमाशी. नळ्यांत क्षार. मिस्त्रींच्या लहानपणी गोठणरोधक द्रव सगळ्यांना परवडत नसे. हिवाळ्यात रोज रात्री पाणी काढून टाकायचं, सकाळी चरातलं नवं भरायचं, नाहीतर बर्फ होऊन टाकी फुटायची. म्हणजे दरवर्षी शेकडो बादल्या चराचं पाणी या नळ्यांतून गेलं, आणि प्रत्येक बादलीनं थोडा क्षार मागे ठेवला.

दोन्ही तोंडं बुचांनी बंद करून, हवा भरून त्यांनी रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवला. तीन ठिकाणांहून बुडबुडे आले. इथं मिस्त्री थांबले. पूर्वी जवळच्या गावात रेडिएटरचा कारागीर होता, तो टाकी उघडून नळ्या गजानं साफ करायचा, पुन्हा डाख द्यायचा. त्यानं दुकान बंद केलं. आता ॲल्युमिनियमची नवी नक्कल मागवतात. दोनशे-तीनशे युरोत पेटी घरी येते, बसतेही नीट. "पण ती वाजत नाही," मिस्त्री म्हणाले आणि पितळेच्या टाकीवर बोटानं टिचकी मारली.

मला मात्र सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या टपऱ्या आठवल्या. रेडिएटर दुरुस्ती, एका ओळीत चार-पाच दुकानं. काळ्या हातांची माणसं दिवसभर डाख देत बसलेली. शिशाचा धूर नाकात जातोय, तोंडावर फडकंही नाही. या शेडमध्ये ज्या हाताची वाट बघताहेत, तो हात तिथं आहे आणि दिवसाच्या मजुरीवर आहे. त्याच्याकडे येणारे ट्रॅक्टर जुने झाले की भंगारात जातात, आणि इथं ट्रॅक्टर जपलेत तर हात नाहीत. भाच्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "मामा, एकाला व्हिसा काढून आणू का?" चेष्टाच होती, पण त्यानं ती दोनदा केली.

दहाची कॉफी झाली. घड्याळ बघून दहालाच, हे त्या देशात पाळतात. मग स्टिअरिंग.

फर्ग्युसनची रचना कागदावर देखणी आहे. चाकाखालचा दांडा नळीतून खाली पेटीत उतरतो. त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा छोटा गिअर. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला गिअरचे दोन अर्धचंद्र, आणि प्रत्येकाच्या आसाला बाहेर एक लोंबता आर्म. डावा आर्म लांब दांडीनं डाव्या चाकाला ओढतो, उजवा उजव्याला. मध्ये जोडदांडी नाही. त्यामुळे पुढच्या चाकांमधलं अंतर पिकाप्रमाणे कमी-जास्त करता येतं आणि स्टिअरिंग पुन्हा जुळवावं लागत नाही. या ट्रॅक्टराला सांगाडाही नाही. इंजिन, गिअरपेटी, मागचा आस एकमेकांना बोल्टनं जोडले की तोच कणा. त्या कण्यावर मध्यभागी स्टिअरिंगची पेटी.

म्हणजे तिथवर पोचायला पेट्रोलची टाकी काढा, बॅटरी आणि तिचा तळ काढा, डॅशबोर्ड सोडवा, थ्रॉटलची सळई निखळवा. हे सगळं दुपारपर्यंत झालं. राहिलं ते चाक. वरचं नट सहज निघालं, आणि तिथंच सगळ्यांचा उत्साह निघून गेला, कारण चाकाचा हब दांड्यावर गंजून एकजीव झाला होता. सत्तर वर्षांत तो कोणी काढलाच नव्हता. कशाला काढेल?

मिस्त्रींनी नट पुन्हा दोन-तीन आटे चढवून ठेवलं. हब अचानक सुटला तर चाक हनुवटीवर येतं, आणि पुलरच्या दाबानं दांड्याच्या टोकाचे आटे चेपतात. नट दोन्ही टाळतं. मग पुलर लावला. पुलरचा स्क्रू कसला, कसला, इतका की चाकाचे आरे वाकू लागले. सोडला. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून फटीत सोडलं. वाट बघितली. पुन्हा पुलर. भाचा मोठा हातोडा घेऊन आला, तर मिस्त्रींनी तो काढून घेतला आणि छोटा दिला. दांड्यावर जोरात मारलं तर धक्का खाली जातो आणि पेटीतली बेअरिंग खराब होतात. हबच्या बाजूनं हलके ठोके द्यायचे, समोर दुसरा जड हातोडा टेकवून. गंजाला बळ नको असतं, थरथर हवी असते.

त्यानं काही झालं नाही. गॅसची बारीक ज्योत आणली. ओला फडका चाकाच्या कडेवर गुंडाळला, कारण कडेचं आवरण उष्णतेनं तडकतं. हब तापला, धूर निघाला, पुलर आणखी पाव वेढा. काही नाही. दुपार कलली. मुलाची बायको डोकावून गेली. मिस्त्री तेलाचा डबा घेऊन पुन्हा फटीत थेंब सोडायला लागले आणि पुलर तसाच ताणावर ठेवून म्हणाले, उद्या. उद्या रविवार, ते चर्चला जाणार, म्हणजे सोमवार.

सोमवारी भाचा कामावर होता आणि मी एकटाच गेलो. शेडमध्ये शिरलो तर चाक टेबलावर. रात्री केव्हातरी आपोआप सुटलं होतं. मिस्त्रींना सकाळी ते नटाला टेकलेलं सापडलं. त्यांनी पेटीही उघडली होती. काळं, गोळे झालेलं ग्रीस पुसून दोन्ही अर्धचंद्र फडक्यावर मांडले होते, आणि बोटानं मला दाखवलं. मधले तीन-चार दात झिजून धारदार झालेले. कडेचे दात मात्र कारखान्यातून आल्यासारखे, त्यांवर हत्याराच्या बारीक रेघासुद्धा शाबूत.

कारण दाराबाहेरच दिसत होतं. या मुलखात ट्रॅक्टर आयुष्यभर सरळ चालतो. सरळ रस्ता, सरळ चर, सरळ तास. वळायचं फक्त शेताच्या टोकाला. स्टिअरिंगची सगळी झीज मधल्या त्या बोटभर पट्ट्यात.

संध्याकाळी भाच्याला फोनवर सांगितलं तर त्यानं विचारलं, शिम घालून दात जवळ आणता येणार नाहीत का? मिस्त्रींचं उत्तर मी आधीच ऐकलं होतं. मध्यावरचा खेळ मिटेल इतके दात जवळ आणले, तर कडेचे कोरे दात वळणावर आवळतील. सरळ जाताना झकास, वळताना चाक अडकेल. अर्धं वळण घेऊन अडकलेला ट्रॅक्टर सैल ट्रॅक्टरपेक्षा वाईट. नवे अर्धचंद्र मिळतात, महाग आहेत, आणि दोन्ही एकदम घ्यावे लागतात, छोट्या गिअरसकट. भाच्याला मूळचेच भाग हवे होते. मिस्त्रींचं म्हणणं, मूळचे भाग हवे असतील तर ट्रॅक्टर शेडमध्येच ठेव. तिकडे २०२१ पासून ट्रॅक्टरचीही नोंदणी करावी लागते, तो रस्त्यावर सायकलींच्या शेजारून जाणार.

फोनवर बराच वेळ गप्प राहून भाच्यानं विचारलं, "मामा, त्यांनी स्वतःच्या लान्झमध्ये काय काय नवं घातलंय, विचारा बरं."

विचारलं. दांडा सोडून जवळजवळ सगळं, असं उत्तर आलं.

भाच्यानं दोन्ही अर्धचंद्र मागवले आहेत. रेडिएटरचं अजून ठरलेलं नाही. पितळेचा तो मोडका रेडिएटर माझ्या सामानातून सांगलीला न्यायचं दोघं म्हणताहेत, आणि त्याचं वजन माझ्या तिकिटावर किती चालेल याची चौकशी मला करायला सांगितली आहे.